मेंढपाळ देव, कोळ्यांचं गाव

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की ती मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे टाकत डोंगरीवरून समुद्राकडे जाते. उत्तनला काय दिसतं? नाक्यांवर क्रूस, बंदरात रंगीत बोटी, दुरुस्तीला काढलेली जाळी, आणि सीझन असेल तर मांडवांवर रांगेनं टांगलेले बोंबील (आणि त्यांचा तो वास!). दिसत नाही ती एक गोष्ट म्हणजे मेंढी.

आता गंमत बघा. इथली जुनी वस्ती बरीचशी ख्रिस्ती कोळ्यांची. आणि बायबलमध्ये देवासाठी ज्या उपमा येतात त्यातली एक अत्यंत लाडकी उपमा म्हणजे मेंढपाळ. देव मेंढपाळ, माणसं त्याची मेंढरं. मेंढी हा प्राणी मुळात कोरड्या हवेतला. आपल्याकडे तो माण, खटाव, आटपाडी, जत ह्या दुष्काळी पट्ट्यात सुखानं राहतो; कोकणच्या पावसाळ्यात त्याचे खूर कुजतात. मग आयुष्यभर डोल जाळ्यानं बोंबील धरणाऱ्या माणसांनी हा मेंढपाळ देव चारशेहून जास्त वर्षं कसा काय आपला मानला?

दुसरी अडचण भाषेची. मराठीत 'मेंढरं' ही शिवी आहे. 'काय मेंढरासारखे एकामागोमाग चाललेत' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक नसतं. माझ्या टीममध्ये उत्तनचा एक मित्र आहे. त्याला मी एकदा चहाच्या वेळी विचारलंच, "चर्चमध्ये तुम्हाला मेंढरं म्हणतात, राग नाही येत?" तो शांतपणे म्हणाला, "तुला ऑफिसमध्ये रिसोर्स म्हणतात. तुला येतो?"

मी निरुत्तर. मग शनिवार-रविवार ह्यावर वाचत बसलो. हा लेख त्यातूनच आलाय.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की ही उपमा मूळची धर्मातली नसून राजकारणातली आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी (इ.स.पू. अठरावं शतक) आपल्या प्रसिद्ध कायद्याच्या शिलालेखाच्या सुरुवातीलाच स्वतःला प्रजेचा मेंढपाळ म्हणवून घेतो. इजिप्तच्या राजांच्या हातात मेंढपाळाची आकडी दिसते, तीही त्याच अर्थानं. म्हणजे राजा सांगतोय की मी तुम्हाला चारा-पाणी देतो, तुम्ही माझ्या मागे चला. थोडक्यात काय, तर मेंढपाळ ही सत्तेची पदवी होती.

बायबलनं ही पदवी उचलली, पण तिला हिशेब जोडला. यहेज्केल नावाचा संदेष्टा इ.स.पू. सहाव्या शतकात बॅबिलोनमध्ये बंदिवासात होता. यरुशलेमची वाट लागलेली, लोक देशोधडीला लागलेले. त्याच्या पुस्तकाचा ३४ वा अध्याय म्हणजे राज्यकर्त्यांवरचं आरोपपत्रच आहे. तुम्ही मेंढपाळ म्हणवता आणि दूध, लोकर, मांस स्वतःच खाता. आजारी मेंढीला औषध नाही, मोडक्या पायाला पट्टी नाही, हरवलेलीचा शोध नाही. आणि मग देव म्हणतो की ह्यांचं काम मी काढून घेतो, आता मीच माझी मेंढरं सांभाळीन. लक्षात घ्या, ह्या सगळ्या प्रकरणात मेंढरांनी आज्ञाधारक राहावं ह्यावर फारसा जोर नाही. जाब विचारलाय तो मेंढपाळाला.

येशूनं हाच धागा पुढे नेला. शंभर मेंढ्यांतली एक हरवते आणि मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून तिच्यामागे जातो, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. माझ्यासारख्या माणसाला ती आधी वेडेपणाची वाटते. शंभरातल्या नव्व्याण्णव जागेवर आहेत, म्हणजे ९९ टक्के! आमच्याकडे एवढ्यावर क्लायंटला हिरवा रिपोर्ट जातो आणि राहिलेला एक टक्का 'नोन इश्यूज'च्या यादीत पडून राहतो. ह्या गोष्टीतला मेंढपाळ तो रिपोर्ट फाडून टाकतो. त्याला टक्केवारी कळतच नाही, त्याला फक्त ती एक मेंढी दिसते. योहानाच्या शुभवर्तमानात (१० वा अध्याय) आणखी एक फरक येतो: मजुरीवर ठेवलेला गडी लांडगा आला की पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात, खरा मेंढपाळ थांबतो आणि जीव देतो. शिवाय तो प्रत्येक मेंढीला नावानं हाक मारतो आणि मेंढ्या त्याचाच आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत. म्हणजे ही मेंढरं आपण समजतो तितकी बावळट नाहीत. आवाज पारखून मगच चालणारी आहेत.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना ही प्रतिमा किती जवळची होती हे रोमच्या भूमिगत दफनघरांत दिसतं. तिथं तिसऱ्या शतकातली चित्रं आहेत: खांद्यावर कोकरू घेतलेला तरुण मेंढपाळ. क्रूसावरचा येशू चित्रांत सर्रास दिसू लागला तो त्यानंतर बऱ्याच काळानं. छळाच्या दिवसांत आपल्या माणसाच्या थडग्याशी त्यांना आधी आठवला तो उचलून घेणारा देव.

हा मेंढपाळ आपल्या किनाऱ्यावर आला पोर्तुगीजांच्या गलबतांतून. १५३४ च्या तहानं गुजरातच्या सुलतानानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. उत्तन ज्या धारावी बेटावर आहे (मुंबईची धारावी वेगळी) तेही त्यातच आलं. राजसत्तेबरोबर धर्मांतर आलं, आणि त्या इतिहासात सक्ती आणि आमिषंही आहेत. गोव्यात तर इन्क्विझिशन होतं. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या देवाचं वर्णन 'हरवलेल्याला खांद्यावर घेणारा' असं करायचं, त्याच्या नावावर तुरुंग चालवायचे, ही विसंगती यहेज्केलला चांगलीच ओळखीची वाटली असती.

पण त्याच गोव्यात ह्या प्रतिमेचं काहीतरी वेगळंच झालं. सतराव्या शतकात तिथल्या कारागिरांनी हस्तिदंतात 'बों पास्तोर' म्हणजे 'चांगला मेंढपाळ' कोरायला सुरुवात केली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसारख्या अनेक संग्रहालयांत ही शिल्पं आहेत. त्यात येशू लहान मुलगा आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगराच्या माथ्यावर पाय दुमडून बसलाय, खांद्यावर एक कोकरू, मांडीवर एक, गाल हातावर टेकलेला आणि डोळे मिटलेले. खाली झऱ्यावर मेंढ्या पाणी पितायत. हे बघून ध्यानस्थ बुद्धाची किंवा आपल्याकडच्या बाळकृष्णाची आठवण होते ती काही आपल्यालाच नाही, अभ्यासकांनीही हे साम्य नोंदवलंय. युरोपातला मेंढपाळ उभा असतो, चालत असतो. आपल्या कारागिराच्या हातात आल्यावर तो बसला आणि ध्यान लावता झाला.

भाषेचंही तसंच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्याच्यानंतर एतिएन द ला क्रुआ ह्या फ्रेंच जेझुइटानं मराठी ओवीतच संत पीटरवर एक प्रचंड पुराण रचलं. ते १६२९ ते १६३४ दरम्यान छापलं गेलं. ह्या पीटरकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण उत्तनचं कुलूप उघडायची किल्ली त्याच्याकडे आहे.

त्याआधी घाटावर एक चक्कर. मेंढपाळाशी देवाचं नातं आपल्याला परकं आहे असं समजू नका. खंडोबाची बाणाई धनगरांची. बिरोबा धनगरांचा. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये खुद्द विठोबाची मुळं गवळी-धनगरांच्या देवात शोधली. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, ते तुम्ही टीव्हीवर तरी पाहिलं असेल. फरक एवढाच की आपल्या संतांनी देवाला हाक मारली ती माउली म्हणून. सांभाळणारा देव म्हटला की मराठी माणसाला आई आठवते, त्या यहुदी माणसाला मेंढपाळ आठवला. मराठी प्रोटेस्टंट मंडळींनी 'पास्टर'ला (हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ मेंढपाळच) प्रतिशब्द केला तो 'पाळक'. मला हा शब्द फार आवडतो. मेंढपाळातली मेंढी गेली, पाळणं तेवढं राहिलं.

आता उत्तन. इथल्या चर्चचं नाव अवर लेडी ऑफ द सी, म्हणजे समुद्राची माता. शेजारच्या डोंगरीच्या चर्चचं नाव अवर लेडी ऑफ बेथलेहेम. बेथलेहेम म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या दावीदचं गाव, आणि येशूच्या जन्माची बातमी रात्रपाळीवरच्या मेंढपाळांना जिथं सगळ्यात आधी कळली तेही तेच. एका गावाची माता समुद्राची, शेजारच्या गावाची मेंढपाळांच्या गावची. हे ठरवून झालं असेल असं नाही, पण छान जमलंय खरं.

ह्या दोन जगांची गाठ पडते ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात. पीटर व्यवसायानं कोळी. येशूला अटक झाली त्या रात्री त्यानं भीतीपोटी तीनदा सांगितलंय की मी ह्या माणसाला ओळखत नाही. नंतर सगळं संपल्यासारखं झाल्यावर तो म्हणतो, मी मासे धरायला जातो. (एवढं मोठं काही कोसळल्यावर माणूस आपल्या जुन्या कामाकडेच वळतो, नाही का?) रात्रभर जाळं रिकामं. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, उजव्या बाजूला टाका. जाळ्यात १५३ मासे येतात. हा आकडा वाचून मला खात्री पटली की गोष्ट सांगणाऱ्याला कोळी माणसं चांगली माहीत होती. माशांची मोजदाद केल्याशिवाय कोळी उठणार नाही! किनाऱ्यावर निखारे पेटलेत, मासळी भाजली जातेय. खाणं झाल्यावर येशू पीटरला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? आणि तिन्ही वेळा होकारानंतर काम एकच सांगतो: माझी मेंढरं सांभाळ.

अहो, तो कोळी आहे! त्याला मेंढ्यांतलं काय कळतं? पण मुद्दा हाच असावा. मेंढपाळपणाला मेंढ्यांचं ज्ञान लागत नाही. जो स्वतः एकदा हरवला होता आणि ज्याला शोधून परत आणलं गेलं, त्याच्याच हातात कळप दिला गेला.

कोळीवाड्यात ही गोष्ट समजायला टीप लागत नाही, कारण तिथं मेंढपाळाच्या जागी माणूस आहेच: तांडेल. बोट कुठं न्यायची, जाळं कधी सोडायचं, वारा फिरला तर परत कधी वळायचं हे तो ठरवतो. बंदरातून निघताना खलाशी जितके, परत येताना तितके, हा त्याचा हिशेब. पकड कमी झाली तर नाखवा ओरडेल, पण एक माणूस कमी आला तर तांडेल त्याच्या घरी कोणत्या तोंडानं जाणार? तिथं नव्व्याण्णव टक्के चालत नाहीत.

कॅथलिकांच्या अंत्यविधीत नेहमी येणारं २३ वं स्तोत्र मी ह्याच नजरेनं पुन्हा वाचलं. त्यात व्याकरणाची एक बारीक गंमत आहे. सुरुवातीला, म्हणजे हिरवं कुरण, शांत पाणी वगैरे असताना, कवी देवाबद्दल 'तो' म्हणून बोलतो. अंधाऱ्या दरीचा उल्लेख आला की 'तो' जातो आणि 'तू' येतो. सुखात देवाविषयी बोलायचं, संकटात देवाशी. वादळात सापडलेल्या बोटीवर कुणी देवाविषयी प्रवचन देत नसणार, हाकच मारत असणार.

आता ह्या गावांच्या इतिहासातला तो प्रसंग, जिथं ही उपमा खरोखर कसाला लागली. १७३९. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत धारावी बेटाला फार महत्त्व होतं. हे बेट वसईच्या खाडीच्या मुखाशी, त्यामुळे ते हातात असेल त्याच्या हातात वसईच्या रसदीची दोरी. धारावीसाठी दोन्ही बाजूंनी झुंज झाली. शेवटी ती मराठ्यांकडे आली आणि मे १७३९ मध्ये वसईही पडली. आपण हा इतिहास शाळेत विजय म्हणून शिकतो, आणि तो विजय होताच. चर्चच्या घंटा मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेल्या, त्या आपण ट्रेकच्या वाटेवर कौतुकानं बघतो.

पण जिथून घंटा गेली त्या गावातून बघा. पोर्तुगीज अधिकारी गेले, युरोपियन पाद्री गेले. ज्यांनी 'आम्ही तुमचे मेंढपाळ' म्हणून दोनशे वर्षं सांगितलं ते गलबतात बसून निघून गेले. राहिले कोण? कोळी, कुणबी, भंडारी. ज्यांची जमीन आणि समुद्र इथंच होता, त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा होती. धर्म आला राजाबरोबर. राजा गेल्यावर तो जाईल असं कुणालाही वाटलं असतं.

गेला नाही. गोव्याचे देशी धर्मगुरू गावोगाव काम बघत राहिले आणि बाकीचं लोकांनी धरून ठेवलं: घरातली प्रार्थना, नाक्यावरचा क्रूस, सण, लग्नाची गाणी. १७६० मध्ये आंकेतील द्यू पेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला. मराठ्यांच्या राज्यात ठाण्याला ख्रिस्ती सण मोठ्या गर्दीनं, उघडपणे साजरा होताना त्यानं पाहिला. पेशव्यांच्या कारभाराबद्दल ही चांगली गोष्ट सांगायला हवीच. आणि ह्या लोकांबद्दलही. मेंढपाळ बदलला, राज्य बदललं, पण ज्या आवाजाला ते ओळखत होते तो त्यांनी सोडला नाही.

पुढे तर उलटीच अडचण झाली, मेंढपाळ जास्त! १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. मुंबईत तोवर पोर्तुगालच्या राजाच्या हक्काखालचे धर्मगुरू आणि थेट रोमनं नेमलेले कार्मेलाइट धर्मगुरू ह्यांच्यात भांडण जुंपलं होतं. १७९४ मध्ये चर्चेसची वाटणी करावी लागली. एकाच शहरात दोन बिशपांची सत्ता. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत झाला आणि साष्टी-वसईची जुनी चर्चेस त्याच्याकडे गेली. हा दुहेरी कारभार संपला तो १९२८ मध्ये, पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या करारानं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं वरची मंडळी कळप कुणाचा ह्यावर भांडत होती आणि खाली कोळी आपला रोजच्या भरती-ओहोटीप्रमाणे समुद्रावर जात होता.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, पोप झाल्यावर थोड्याच दिवसांत, धर्मगुरूंना सांगितलं होतं की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. उत्तनमध्ये ह्याचा अर्थ सुक्या बोंबलांचा वास! आपल्याकडे हे करून दाखवणारं नाव म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 'सुबोध बायबल'चे कर्ते, 'सुवार्ता'चे बरीच वर्षं संपादक म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. पण वसईकरांना ते आधी आठवतात ते हरित वसईच्या चळवळीतले, पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. मेंढपाळाच्या हातातली काठी मेंढरांना हाकायला असते तशीच लांडग्यासाठीही असते, हे त्यांनी व्याख्यान न देता दाखवलं.

असो. यहेज्केलच्या त्या ३४ व्या अध्यायात एक भाग आहे जो सहसा कुणी सांगत नाही. मेंढपाळांना झापून झाल्यावर देव मेंढरांकडेही वळतो. लठ्ठ मेंढ्यांना विचारतो: तुम्ही स्वच्छ पाणी प्यालात ते ठीक, पण उरलेलं पायांनी गढूळ का केलंत? बाकीच्यांनी काय तुमच्या पायांखालचं पाणी प्यायचं?

मी भाईंदरला टॉवरमध्ये राहतो. आमच्या मीरा-भाईंदर शहराचा कचरा वर्षानुवर्षं उत्तनच्या डोंगरावर नेऊन टाकला गेला. त्याच्या आगी, त्याचा धूर, पावसात उतरणारं काळं पाणी ह्याविरुद्ध उत्तनच्या लोकांनी अनेकदा आंदोलनं केली. आता उत्तन-विरार सागरी सेतूचा बेत आहे; आम्हाला तासाभराचा प्रवास वाचेल, आणि मच्छीमार विचारतायत की आमची जाळी टाकायची जागा कुठं राहील. ह्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार नाहीत. रस्ते लागतात, कचराही कुठंतरी जायलाच हवा. पण एवढं कळतं की शहराच्या प्रेझेंटेशनमध्ये उत्तनची वस्ती त्या उरलेल्या एक टक्क्यात मोडते, आणि रिपोर्ट हिरवाच जातो.

देव मेंढपाळ आहे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण ही उपमा ज्यांनी तीन हजार वर्षं सांभाळली त्यांनी तिच्यात एक प्रश्न पुरून ठेवलाय, तो श्रद्धा असो-नसो सगळ्यांना लागू पडतो: संध्याकाळी मोजणी कोण करतंय, आणि एक कमी भरला तर परत कोण जाणार आहे?